दोन वाईट रिव्ह्यू आणि चौदाच चांगले

वाचकाचं पत्र : मी वॉशिंग मशीन आणि फ्रिज दुरुस्तीचं काम करतो. हाताखाली दोन मुलं आहेत. गूगलवर आमचे १४ रिव्ह्यू होते आणि रेटिंग ४.८. गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन एक-स्टार आले, रेटिंग ४.३ झालं. पहिल्यात लिहिलंय, 'तीन वेळा आले, दर वेळी व्हिजिट चार्ज घेतला, मशीन अजून कपडे पिळत नाही.' दुसऱ्याचं नाव आमच्या वहीत नाहीच, मजकूर फक्त 'थर्ड क्लास सर्व्हिस'. तेव्हापासून फोन कमी झालेत. एक एजन्सी ५० फाइव्ह-स्टार टाकून देते म्हणते. मुलगा म्हणतो, नातेवाइकांकडून लिहून घेऊ. मेहुणे म्हणतात, वकिलाची नोटीस पाठवा. काय करावं?

उत्तर :

एजन्सीला नाही म्हणा, नातेवाइकांना विचारू नका आणि नोटीस पाठवू नका. त्यांची कारणं पुढे येतीलच. आधी हिशेब मांडू, कारण तुमची खरी अडचण त्यात दिसते.

१४ रिव्ह्यूंवर ४.८ म्हणजे समजा ११ जणांनी पाच आणि तिघांनी चार स्टार दिले. एकूण ६७. त्यात दोन एक-स्टार मिळवा, ६९ झाले, भागिले १६, उत्तर ४.३१. आता याच प्रमाणात तुमचे १४० रिव्ह्यू असते तर एकूण ६७० स्टार असते. तेच दोन एक-स्टार आल्यावर ६७२ भागिले १४२, म्हणजे ४.७३. पडद्यावर ४.७ दिसलं असतं आणि बहुतेक तुम्ही हे पत्रही लिहिलं नसतं. ते दोन रिव्ह्यू तुम्हाला लागले ते आकडा लहान असल्यामुळे. इतकी वर्षं ज्यांची मशीन तुम्ही नीट करून दिलीत ते समाधानाने गप्प बसले, आणि रागावलेल्या माणसाला लिहायला कोणी सांगावं लागत नाही.

परतीचा रस्ताही याच हिशेबातून निघतो. आजपासून सलग सहा फाइव्ह-स्टार आले तर तुम्ही ४.५ वर जाता. ४.७ साठी २१ लागतील, पुन्हा ४.८ साठी ३९. म्हणून सध्या ४.८ चा नाद सोडा. ४.५ च्या वर पोहोचणं आणि रिव्ह्यूंची संख्या पन्नाशीच्या पुढे नेणं, एवढं उद्दिष्ट पुरे. तिथे पोहोचल्यावर एखादा एक-स्टार आला तर रेटिंग एखाद्या दशांशाने हलेल, कोसळणार नाही.

रेटिंगचा धंद्यावर परिणाम होतो का, ही शंका असेल तर होतो. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल लुका यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहरातल्या खाणावळी आणि येल्प या रिव्ह्यूंच्या साइटची आकडेवारी ताडून पाहिली. एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढतं, असं त्यांना दिसलं. ही वाढ स्वतंत्र, एकट्या मालकाच्या ठिकाणी दिसली, साखळी दुकानांवर मात्र असा परिणाम आढळला नाही. साखळीचं नाव लोकांना आधीच माहीत असतं. तुमच्यासारख्याचं नाव नवख्या माणसाला माहीत नसतं, मग त्याच्या हातात ताऱ्यांखेरीज दुसरं काय असणार? अँडरसन आणि मॅग्रूडर या अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या खाणावळींबद्दल हेच दाखवलं : जिथे माहितीची दुसरी साधनं कमी, तिथे अर्ध्या स्टारचाही प्रभाव जास्त. हे आकडे खाण्याच्या धंद्याचे आहेत, दुरुस्तीच्या कामाला जसेच्या तसे लावू नका. दिशा मात्र तीच आहे.

दुरुस्तीच्या कामात आणखी एक गोष्ट असते. जेवण कसं झालं हे खाणाऱ्याला जिभेवर कळतं. तुम्ही बेअरिंग नीट बसवलं की नुसतं ग्रीस लावून बंद केलं, हे ग्राहकाला कळत नाही, सहा महिन्यांनीही कळेलच असं नाही. मग तो जे दिसतं त्यावर स्टार देतो. सांगितलेल्या वेळी आले का, फोन उचलला का, बोललेले पैसे आणि घेतलेले पैसे जुळले का, जाताना जमीन पुसली का. उत्तम कारागिराला तीन स्टार आणि गोड बोलणाऱ्या कच्च्या माणसाला पाच, हे त्यामुळेच घडतं. हा अन्याय आहे, असं आम्हालाही वाटतं. पण एवढं ओळखलं की सुधारणा कुठे करायची ते कळतं, आणि ती बरीच स्वस्तात होते.

आता तुमचा पहिला रिव्ह्यू पुन्हा वाचा. 'दर वेळी व्हिजिट चार्ज घेतला.' सगळा राग त्या तीन शब्दांत आहे, 'दर वेळी घेतला'. तीन फेऱ्या होऊन कपडे पिळले जात नसतील तर ग्राहकाची बाजू खरी आहे, आणि तुम्ही तसं मानून चालावं असं आमचं स्पष्ट मत आहे.

क्रम असा ठेवा. रिव्ह्यूचा तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा. जॉब कार्ड किंवा वही काढून तिन्ही फेऱ्यांत काय तपासलं, काय बदललं, किती घेतलं ते एका कागदावर लिहा. ज्या मुलाने काम केलं त्याला शांतपणे विचारा, ओरडू नका, नाहीतर खरं बाहेर येणार नाही. मग ग्राहकाला तुम्ही स्वतः फोन करा, एकदाच. उचलला नाही तर एक मेसेज आणि बस. फोनवर रिव्ह्यूचा विषय काढायचा नाही. मशीन पाहायला येतो आणि जादा घेतलेले चार्ज परत करतो, एवढंच सांगा. 'रिव्ह्यू काढलात तर पैसे परत देतो' असं चुकूनही बोलू नका. सवलत, परतावा किंवा फुकट काम देऊन रिव्ह्यू बदलायला किंवा काढायला सांगणं गूगलच्या नियमांत बसत नाही. शिवाय तुमचा तो मेसेज पुढच्या रिव्ह्यूत फोटो म्हणून दिसू शकतो.

यानंतर दोन दिवसांच्या आत खाली जाहीर उत्तर लिहा. साधारण असं :

'नमस्कार. तीन फेऱ्या होऊनही मशीन नीट झालं नाही आणि प्रत्येक फेरीचा चार्ज लागला, याबद्दल माफी मागतो. एकाच तक्रारीसाठी पुन्हा यावं लागलं तर ३० दिवस व्हिजिट चार्ज घ्यायचा नाही, असा नियम आम्ही आता केला आहे. तुमचे जादा दोन चार्ज परत करतो आणि मी स्वतः येऊन मशीन तपासतो. आमच्या नंबरवर फोन करावा.'

एवढंच. हे उत्तर त्या ग्राहकापेक्षा पुढच्या महिन्यात तुमचं नाव शोधणारा माणूस जास्त काळजीने वाचणार आहे. त्याला तुम्ही बरोबर होता की चूक याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. आपल्या घरी असं झालं तर हा माणूस परत येईल का, एवढंच तो त्यात शोधतो. म्हणून मुद्द्यामागून मुद्दा खोडत बसू नका. ग्राहकाचा पत्ता, नंबर, बिलाचा फोटो, घरातल्या माणसांचा उल्लेख काहीही उत्तरात यायला नको. 'आमचे बाकी सगळे ग्राहक खूश आहेत' हे वाक्य तर टाळाच, ते वाचणाऱ्याला 'दोष तुमचाच आहे' असं ऐकू येतं. सगळ्या रिव्ह्यूंखाली एकच छापील 'धन्यवाद' चिकटवण्यानेही काही साधत नाही. आणि उत्तरात लिहिलेला नियम खरोखर लागू करणार असाल तरच लिहा.

वस्तुस्थिती वेगळी असेल, म्हणजे दुसऱ्या फेरीत तुम्ही पंप बदलायला सांगितला होता आणि ग्राहक नको म्हणाला, तर तेही एका वाक्यात सांगता येतं : 'पंप बदलण्याचा सल्ला आम्ही दिला होता, पण तो लेखी द्यायला हवा होता, म्हणजे गैरसमज झाला नसता.' आरोप न करता तुमची बाजू लोकांपर्यंत पोहोचते.

उत्तर दिल्याचा उपयोग होतो याला आधार आहे. प्रोसर्पिओ आणि झर्वास या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रिव्ह्यूंना उत्तरं द्यायला लागलेल्या, मुक्कामाच्या हॉटेलांना १२ टक्के जास्त रिव्ह्यू आले आणि रेटिंग सरासरी ०.१२ स्टारने वाढलं. मालक वाचतो आणि उत्तर देतो हे दिसल्यावर उगाच दोन ओळी खरडून जाणारे कमी होतात, ज्याची तक्रार खरी आहे तो सविस्तर लिहितो. ०.१२ हा काही चमत्कार नाही, पण त्याला दिवसाची दहा मिनिटं लागतात.

तीन फेऱ्या मुळात का झाल्या, याकडे या सगळ्याहून जास्त लक्ष द्या. आमचा अंदाज, टेक्निशियन मोकळ्या हाताने गेला, दोष पाहिला, पार्ट आणायला परत आला, आणि दुसऱ्यांदा आणलेला पार्ट त्या मॉडेलचा नव्हता. यावर उपाय फोनवरच आहे. तक्रार घेताना मशीनच्या मागच्या किंवा दाराच्या कडेच्या लेबलचा फोटो, पडद्यावर दिसणारा एरर कोड आणि मशीन चालू असतानाचा २० सेकंदांचा व्हिडिओ मागवा. 'पिळत नाही' अशी तक्रार असेल तर एकच प्रश्न विचारा : ड्रममध्ये पाणी उरतं का? उरत असेल तर ड्रेन पंप, त्याचा फिल्टर किंवा पाइप पाहायचा, कारण पाणी निघाल्याशिवाय मशीन वेगाने फिरतच नाही. पाणी पूर्ण जात असेल तर दाराचं किंवा झाकणाचं लॉक, बेल्ट, मोटरचे कार्बन ब्रश, किंवा नुसती एकच जड गोधडी टाकल्याने बिघडलेला तोल. एवढं कळल्यावर पिशवीत काय घ्यायचं ते ठरतं आणि बरीच कामं एका फेरीत उरकतात.

निघण्यापूर्वी ग्राहकाला लेखी मेसेज जाऊ द्या : व्हिजिट चार्ज किती, त्यात काय येतं, काम केलं तर तो बिलातून वजा होतो की वेगळा, येण्याची वेळ कोणत्या दोन तासांत. मशीन उघडून दोष सापडला की काम सुरू करण्याआधी पार्ट आणि मजुरी वेगवेगळी लिहून एस्टिमेट पाठवा आणि 'हो' आल्यावरच स्क्रूड्रायव्हर लावा. काम झाल्यावर ग्राहकासमोर पिळण्याची फेरी पूर्ण चालवून दाखवा, जुना पार्ट त्याच्या हातात द्या, पार्टची वॉरंटी किती आणि मजुरीची किती हे जॉब कार्डावर लिहा. पार्ट मिळायला वेळ लागणार असेल तर 'बघतो' म्हणू नका, तारीख सांगा, आणि ती चुकणार असेल तर आदल्या दिवशी तुम्हीच फोन करा. आम्ही पाहतो त्या एक-स्टार रिव्ह्यूंत कारागिरीच्या तक्रारी थोड्या असतात. न सांगता वाढलेले पैसे आणि न उचललेला फोन यांच्याच जास्त.

आता दुसरा, अनोळखी रिव्ह्यू. तो खोटाच आहे असं लगेच ठरवू नका. काम बायकोने करून घेतलं आणि रिव्ह्यू नवऱ्याच्या खात्यावरून आला, किंवा खात्यावर टोपणनावच आहे, असं नेहमी होतं. रिव्ह्यूच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांतल्या वहीतल्या नोंदी पाहा, न उचललेले फोन पाहा, तुमच्या नावाशी मिळतंजुळतं दुसरं दुकान आहे का तेही पाहा. तरीही माग लागला नाही तर लिहा : 'नमस्कार. या नावाची नोंद आमच्याकडे सापडली नाही. कोणत्या तारखेचं काम होतं ते फोन करून कळवलंत तर नक्की लक्ष घालतो.' वाचणाऱ्याला जे समजायचं ते समजतं.

मग गूगलवरच्या तुमच्या दुकानाच्या प्रोफाइलवरून रिपोर्ट करा. इथे बहुतेक जण एकच चूक करतात. 'हे खोटं आहे' असं कळवून उपयोग होत नाही, कारण ग्राहक आणि दुकानदार यांच्यात कोण खरं, हा निवाडा साइट करत नाही. रिव्ह्यू त्यांचा कोणता नियम मोडतो ते निवडावं लागतं : स्पॅम, विषयाशी संबंध नसलेला मजकूर, शिवीगाळ, धमकी, खासगी माहिती, किंवा हितसंबंध, म्हणजे लिहिणारा प्रतिस्पर्धी किंवा काढून टाकलेला नोकर आहे. पुरावा असेल तरच हितसंबंध निवडा. निर्णय यायला काही दिवस लागतात, त्याची स्थिती प्रोफाइलमध्ये दिसते, नकार आला तर गूगलवर एकदा अपील करता येतं. 'थर्ड क्लास सर्व्हिस' हे मत आहे आणि ते कोणताही नियम मोडत नाही, त्यामुळे तो निघेलच असं धरून चालू नका. पैसे घेऊन रिव्ह्यू काढून देतो म्हणणाऱ्याकडेही हाच रिपोर्टचा रस्ता असतो, वेगळी किल्ली त्याच्याजवळ नसते.

आता नवे रिव्ह्यू कसे मिळवायचे. सरळ मागायचे, आणि सगळ्यांकडून मागायचे. खूश दिसलेल्यांनाच लिंक पाठवायची आणि कुरकुरणाऱ्यांना वगळायचं, हे गूगलला चालत नाही. काम झालं, मशीन ग्राहकासमोर चाललं, तर त्याच संध्याकाळी मेसेज पाठवा. कधी होतो कधी नाही अशा प्रकारचा दोष असेल तर तीन दिवस थांबा, कारण दुरुस्ती टिकली का हे त्यालाही कळू द्यायला हवं. मजकूर साधा ठेवा : 'आज तुमच्याकडे वॉशिंग मशीनचा पंप बदलला. काही अडचण असेल तर या नंबरवर कळवा. काम कसं झालं ते इथे लिहिलंत तर आम्हाला आणि पुढच्या ग्राहकांना मदत होईल.' खाली तुमची लिंक. ती गूगल बिझनेस प्रोफाइलमध्ये रिव्ह्यू मागण्याच्या पर्यायात मिळते, क्यूआर कोडही तिथेच. कोणतं काम झालं ते मेसेजमध्ये असलं की लोक 'छान' एवढंच न लिहिता पंपाबद्दल, वेळेबद्दल लिहितात, आणि तसाच रिव्ह्यू पुढच्याच्या उपयोगी पडतो. स्टारचा आकडा सुचवू नका. आठवड्याने एकच आठवण, नंतर नाही. टेक्निशियनने ग्राहकाच्या डोक्यावर उभं राहून लिहून घेणं वाईट. त्याचा बोनस स्टारशी बांधणं त्याहून वाईट, मग तो हात जोडून पाच स्टार मागत फिरतो आणि ग्राहकाला संकोच होतो.

जुन्या दोनशे ग्राहकांना एका रात्रीत मेसेज पाठवू नका. महिनोन्महिने शांत असलेल्या प्रोफाइलवर अचानक ढीग पडला की साइटच्या गाळणीला संशय येतो आणि खरे रिव्ह्यूही अडकतात. दुकानातल्या एकाच फोनवरून किंवा टॅबवरून लिहून घेतलेल्यांचंही तेच होऊ शकतं. आठवड्याला दहा-पंधरा जणांना पाठवा. सगळे लिहिणार नाहीत, बरेचसे लिहिणार नाहीत, ते धरूनच चाला. एक अपवाद लक्षात ठेवा : येल्प या साइटला दुकानदाराने रिव्ह्यू मागितलेलाच चालत नाही. प्रत्येक साइटचा नियम आधी वाचा.

यातच मुलाच्या आणि एजन्सीच्या प्रस्तावाचं उत्तर आलं. नातेवाइकांचे रिव्ह्यू हितसंबंधात मोडतात आणि एकाच आडनावाचे पाच जण एका आठवड्यात कौतुक करतात हे ग्राहकालाही दिसतं. विकत घेतलेले ५० रिव्ह्यू जास्त घातक. ते पकडले गेले तर त्यांच्याबरोबर तुमच्या प्रोफाइलवर नवे रिव्ह्यू घेणं बंद होऊ शकतं किंवा खोट्या रिव्ह्यूंबद्दलची सूचना लोकांना दिसू शकते, आणि तेव्हा तुमचे ते १४ खरेही संशयात सापडतात. न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलनी २०१३ मध्ये खोटे रिव्ह्यू लिहून देणाऱ्या आणि घेणाऱ्या १९ कंपन्यांकडून मिळून साडेतीन लाख डॉलरपेक्षा जास्त दंड वसूल करण्याचा समझोता केला. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून आणि ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून खोटे रिव्ह्यू विकत घेण्यावर थेट बंदी आहे. शिवाय एजन्सीला एकदा पैसे दिलेत की तुमचं गुपित तिच्या हातात जातं.

मेहुण्यांना सांगा, नोटिशीने नाराज ग्राहक गप्प बसत नाही, तो नोटिशीचा फोटो टाकतो. वकिलाचं काम तेव्हा, जेव्हा कोणी चोरी किंवा विनयभंगासारखा ठोस आणि सपशेल खोटा आरोप करतं. 'पैसे द्या, नाहीतर आणखी एक-स्टार टाकू' असा निरोप आला तर पैसे देऊ नका, वाद घालू नका, सगळे मेसेज जपून ठेवून साइटला आणि पोलिसांना कळवा.

राहिला फोन कमी झाल्याचा मुद्दा. तो रेटिंगमुळेच आहे का हे तपासा. प्रोफाइलच्या कामगिरीच्या पानावर महिन्याला किती जणांनी तुमचं नाव पाहिलं आणि किती जणांनी कॉलचं बटण दाबलं ते दिसतं. मागच्या वर्षीच्या याच महिन्याशी ताडून पाहा. पाहणारे तेवढेच आणि कॉल कमी, तर ताऱ्यांचा परिणाम आहे. पाहणारेच कमी झाले असतील तर आधी हंगाम, कामाच्या वेळा, व्यवसायाचा प्रकार आणि फोन नंबर बरोबर आहे का ते बघा. प्रोफाइल कोणाच्या ईमेलवर उघडलं आहे तेही याच वेळी पाहून घ्या, ते तुमच्याच नावावर असायला हवं. आणि उद्यापासून प्रत्येक नव्या फोनला 'आमचा नंबर कुठून मिळाला?' असं विचारून वहीत तीन रकाने भरा : जुना ग्राहक, कोणीतरी सांगितलं, नेटवर पाहिलं. महिनाअखेरीस पहिला रकाना रिकामा दिसला तर वहीतल्या जुन्या नंबरांना वर्षातून एकदा फिल्टर आणि पाइप तपासून घेण्याची आठवण पाठवायला लागा. त्या कामासाठी तुमच्या रेटिंगकडे कोणी पाहत नाही.